कुंकू लावलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक बाद झालेलं क्रेडिट कार्ड आहे. टेक्सासातल्या अर्विंग गावी, एका घराच्या देव्हाऱ्यात, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्यामध्ये माझा मुक्काम असतो. तुम्ही म्हणाल, कार्डाचं देवांत काय काम? कार्ड म्हणून माझ्या हातून काहीच काम झालं नाही, म्हणून तर मी देवांत आहे.

माझा जन्म २००२ सालचा. प्लास्टिकच्या तावातून मला कापलं, पाठीवर काळी पट्टी ओढली, पोटावर उठावाचे आकडे ठोकले आणि त्याखाली एक नाव उमटवलं. गुरुनाथ. हा गुरुनाथ नागपूरहून नोकरीच्या व्हिसावर आला होता. पगार चांगला होता, पण या देशात माणसाची पत पगारावर ठरत नाही. त्याने आजवर उधार घेऊन ते किती वेळेवर फेडलं, यावर ठरते. गुरुनाथने जन्मात कुणाचं उधार घेतलं नव्हतं. त्यामुळे इथल्या हिशेबाने तो अजून जन्मलाच नव्हता. अशा मिशा फुटलेल्या नवजातांसाठी बँका माझ्यासारखी कार्डं काढतात. आधी स्वतःचे पैसे बँकेकडे तारण ठेवायचे, मग तेवढेच तिच्याकडून उधार घ्यायचे.

"पण पैसे आहेत, तर उधार कशाला?" गुरुनाथने विचारलं.

"यार, पैसे आहेत म्हणून सांगून इथे कोण मानतंय?" यतीन म्हणाला. हा त्याच्या ऑफिसातला मुंबईकर मित्र. "दर महिन्याला थोडं स्वाइप कर, बिल आलं की भर. दोन वर्षांत हिस्टरी बनते."

पहिल्यांदा माझ्यावर भाताचा कुकर आला. मशीनमधून सर्रकन गेलो तेव्हा अंगावर काटा आला. वाटलं, आता या माणसाला मी या देशात जन्माला घालणार! गुरुनाथ मात्र त्याच संध्याकाळी बँकेत जाऊन पैसे भरून आला. उधारी घरात झोपलेली त्याला चालत नसे.

पुढच्या वर्षी त्याची आई नागपूरहून आली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेलेले. गुरुनाथ आणि त्याची बायको सुवर्णा, दोघांनी तिला खुर्चीत बसवून वर चढवलं. वर गेलेली आई परत जाईपर्यंत खाली उतरली नाही. गॅलरीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायची आणि सगळं छान आहे म्हणायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गुरुनाथने पाकिटातून मला काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय होय रे?" आईने विचारलं.

"क्रेडिट कार्ड. याने पैसे देता येतात."

"म्हणजे लक्ष्मीच झाली ना! आणि तू तिला मागच्या खिशात घेऊन फिरतोस? लक्ष्मीवर बसतोस?"

सुवर्णा हसू दाबत आत गेली. आईने मला पुसलं, ताम्हनात ठेवलं, बोट कुंकवात बुडवून माझ्या आकड्यांवर टेकवलं आणि देव्हाऱ्यात बसवलं. "आता हिला बाजारात नेऊ नको बापा," म्हणाली.

जाताना तिला पुन्हा खुर्चीतून उतरवलं. "पुढच्या वेळी खालचं घर घे रे," ती म्हणाली. "मी काही गणपती नाही, असा उचलून न्यायला."

त्या वसाहतीतली खालची घरं कधी रिकामी होत नसत. म्हणून दोघांनी ठरवलं, आता स्वतःचंच घ्यायचं, एकमजली, आणि आईला बोलवायचं.

मी रोज उदबत्तीचा धूर खात बसलो. वर्षभराने बँकेचं पत्र आलं. कार्ड वापरात नाही, सबब खातं बंद, तारण परत. गुरुनाथने पेढे आणले.

"कसले रे?" यतीनने विचारलं.

"कार्डातून सुटलो. एक डाग नाही!"

यतीनचा पेढा तोंडातच राहिला.

२००५ साली मनासारखं घर सापडलं. दाराला पायरीसुद्धा नव्हती. अंगणात पेकनचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीचं, झाड होतं. कर्ज देणाऱ्या बाईंनी संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"सर, देअर इज नथिंग हिअर."

"एक्झॅक्टली!" गुरुनाथ अभिमानाने म्हणाला.

डाग नव्हता, तशी फेडलेल्या उधारीची नोंदही नव्हती, म्हणून कर्ज नाही. घर गेलं. तसा एक दलाल मदतीला तयार होता. उत्पन्नाच्या रकान्यात मनाला येईल ते लिहा, म्हणाला. त्या काळी या देशात खोटं बोलणाऱ्याला घर पटकन मिळे. गुरुनाथला तेही जमलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने मला देव्हाऱ्यातून उचललं, पँटीला घासून कुंकू पुसलं आणि पेट्रोलपंपावर नेलं. मी जीव खाऊन मशीनमध्ये शिरलो. पण मेलेलं कार्ड किती जोर लावणार? पडद्यावर नकार आला. गुरुनाथने पुन्हा घातलं. पुन्हा नकार. मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

"तू तरी सांगायचंस," घरी येऊन मला पुन्हा देव्हाऱ्यात ठेवत तो सुवर्णाला म्हणाला.

"काय सांगणार होते? आईंनी बसवलेला देव उठवा म्हणून?"

मग माझ्यासारखंच नवं कार्ड आलं. ते रोज बाहेर जाई, दूध आणी, भाजी आणी. मी देव्हाऱ्यातून पाहत असे. दर रविवारी आईचा फोन येई. "घर झालं का रे?" "होतंय आई." पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. फक्त गुडघ्यांचं सांगायची.

२००७ च्या अखेरीस कर्ज मिळालं. बिनपायरीचं घर आलं. आईचं तिकीट निघालं. सुवर्णाने आईंच्या खोलीत पलंग मांडला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. आणि एका पहाटे फोन आला. या वेळी नागपूरहून दुसरंच कुणीतरी बोलत होतं.

गुरुनाथने तिकीट कॅन्सल केलं. पैसे त्याच नव्या कार्डावर परत आले. त्याची हिस्टरी तेव्हा एकदम उत्तम होती.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वापरायच्या वस्तूची पूजा करू नका, आणि ज्यांची पूजा करावी अशा माणसांना सगळं नीट होईपर्यंत थांबवू नका. जिना असेल तर जिन्यावरून न्या, पण न्या.

यंदाच्या दिवाळीत सुवर्णा देव घासायला बसली. मला हातात घेऊन तिने ओलं फडकं उचललं. आकड्यांच्या खाचेत अजून थोडं लाल होतं.

"राहू दे," गुरुनाथ म्हणाला. "तेवढं आईच्या हातचं आहे."

तिने मला तसंच कोरडं, जागेवर ठेवलं.