कधीच न धावलेल्या गाडीचं गिऱ्हाईक

आमच्या ह्यांची नोकरी गेली तेव्हा कंपनीने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि 'तुम्हाला मोकळं करतोय' असं गोड शब्दांत सांगितलं. ह्यांचं काम तयार माल तपासून त्यातले दोष काढण्याचं. नव्या साहेबाच्या सुपीक डोक्यात असं आलं, की हे शोधतात म्हणून दोष सापडतात. ह्यांना काढल्यावर दुसऱ्याच महिन्यात कारखान्यातले दोष शून्यावर आले. साहेबाला बढती मिळाली.

घरी गॅरेजमध्ये गाडी होती. गाडी म्हणजे, आमचं लग्न नवं होतं तेव्हा हौसेने आणलेला जुन्या काळातला सांगाडा. दरवाजे भिंतीला टेकवलेले, इंजिन ताडपत्रीखाली आणि पुढचे दिवे माझ्या कपाटात, चांगल्या चादरींच्या घडीत. 'एकदा रंग लागू दे, मग बघ' हे ऐकत मी मुलगी वाढवली आणि तिचं लग्नही लावून दिलं.

मी पडदे शिवते. आता घर त्याच्यावरच चालणार होतं. एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचं काम मिळत होतं, पण एवढं कापड बेतायला लांबलचक टेबल हवं आणि ते मावायला गॅरेज. हॉटेलच्या मॅनेजरने बजावलं होतं, "कापड येईल तेव्हा जागा तयार नसेल तर काम दुसरीकडे जाईल."

"अहो, गाडी विकून टाकू या," मी म्हणाले. मी भांडणाच्या तयारीत होते. हे नुसते "बरं" म्हणाले, त्याचंच मला वाईट वाटलं.

पहिला आला तो फोटोग्राफर. नवरा-नवरींना गाडीशेजारी उभं करून फोटो काढायचे होते त्याला. ह्यांनी टॉर्च घेतला, खडू घेतला आणि कारखान्यात करत तसे प्रत्येक दोषाभोवती गोल काढत सुटले. "हा गंज. हा पत्रा दुसऱ्याच गाडीचा. हे मी जोडलंय, साफ चुकलंय." फोटोग्राफर इस्पितळात कुणाला तरी बघून आल्यासारखा चेहरा करून निघून गेला.

दुसरा खानावळवाला. त्याला तर गाडी चालायलाही नको होती, दारात ठेवून डिकीत फुलझाडं लावायची होती. झाडांचं पाणी झिरपून पत्रा नेमका कुठून सडेल, ते ह्यांनी त्याला पटवून दिलं.

"अहो, तुम्ही गाडी विकताय की नापास करताय?"

"मग काय खोटं बोलू?"

"गप्प बसा! गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

"आमच्या खात्यात तसंच धरतात," हे म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

तिसरे आले ते दातांचे डॉक्टर, बरोबर त्यांची बायको. खडूचे गोल बघून डॉक्टरांची कळी खुलली. "वा! कीड कुठे आहे ते आधीच दाखवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला." दोघेही पुरुष गाडीखाली शिरले. बाईंनी मला दाराबाहेर ओढलं.

"खरं सांगा हं," त्या कुजबुजल्या, "ही गाडी पुरी होईल का हो कधी?"

परवा कापड येणार होतं. खोटं अगदी जिभेवर होतं. पण इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर काढून मलाही तीच खोड जडलीय. "नाही," मी म्हणाले. "कधीच नाही." आणि आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं मनात आलं.

बाईंनी माझा हात घट्ट धरला. "नक्की ना? नाहीतर न्यायची आणि व्हायची पुरी!"

मग त्यांनी घरचं गाऱ्हाणं सांगितलं. दवाखाना बंद केल्यापासून डॉक्टर दिवसभर घरात होते. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले होते. भाजी चिरताना मागे उभे राहायचे, फोनवरचं बोलणं मध्येच दुरुस्त करायचे. "त्यांना कुठेतरी पाठवायचंय हो मला," बाई म्हणाल्या. "फार लांब नको. अंगणापर्यंतच."

मी छातीठोक हमी दिली. त्यांनी नवऱ्याला घासाघीससुद्धा करू दिली नाही.

टेम्पो आला, गाडी गेली, कपाटातले दिवेही गेले. मी गॅरेज धुऊन काढलं, टेबल मांडलं. कापड वेळेवर आलं आणि मला अगदी राज्य मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सवयीने तेलकट पँट चढवून आले आणि दारातच थबकले. एरवी पायाने दार ढकलून आत घुसणारा माणूस. आज दार उघडं असूनही त्यांनी टकटक केलं.

"आत येऊ का?"

त्या बाई नवऱ्यासाठी काय विकत घेऊन गेल्या आणि ह्यांचं काय गेलं, ते मला तेव्हा कळलं. रडूच कोसळलं मला.

"विचारता काय? या," मी म्हणाले. "हे टोक धरा जरा."

त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.