दाराएवढं अंतर

लवूच्या अपघातात त्याची स्वतःची काहीच चूक नव्हती, आणि बहुतेक म्हणूनच तो त्याच्या मनातून जात नव्हता. दापोलीच्या बाजारात कडेला उभ्या गाड्यांच्या रांगेला लागून तो मोटारसायकलवरून चालला होता. मागे क्रेटमध्ये हर्णेची मासळी. कुणीतरी मागे न बघता गाडीचं दार उघडलं, आणि लवू बांगड्यांसकट रस्त्यावर पडला. मोडलेला खांदा पावसाळा सरेपर्यंत जुळला. पण मोटारसायकलच्या हँडलला हात लावला की त्याला दरदरून घाम फुटायचा.

मग त्याची बायको चिमा मोटारसायकल शिकली. ओहोटीच्या वेळी, किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूवर, लवूनंच तिला शिकवलं. लायसन हातात आलं तशी ती दापोलीला मासे घेऊन जाऊ लागली. मागे क्रेट, आणि क्रेटच्या न् तिच्या मध्ये अंग चोरून बसलेला नवरा.

पहिल्याच दिवशी तिनं बाजारात उतारावर गाडी लावली आणि पाठ वळवली, तर गाडी घसरून आडवी. सुरमया चिखलात. बघणारे हसले. चिमाचे डोळे भरून आले, पण लवू रागावला नाही. दोघांनी मिळून गाडी उचलली.

"उताराकडं तोंड करून लावायची नाय गो," तो म्हणाला. "चढाकडं तोंड कर. पहिल्या गिअरात टाक, म्हणजे चाक अडतं. आणि जमीन मऊ असली तर स्टँडखाली चपटा दगड."

गाडी लावायला ती शिकली. पण उभ्या गाड्यांजवळून जाताना वेगळीच पंचाईत व्हायची. लवूची बोटं तिच्या खांद्यात रुतायची. रांग संपली की बोटं सैल. चिमा आपली वेग कमी करायची आणि उघडलेलं दार मावेल एवढी जागा सोडून, रस्त्याच्या मधून गाडी काढायची. मागचे हॉर्न वाजवून बेजार करत.

एका रविवारी हर्णे बंदरातला सकाळचा मासळीचा लिलाव उरकून दोघं निघाली. लिलाव बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या बंदराच्या रस्त्यावर लांबवर लागल्या होत्या. चिमा नेहमीसारखी मधून चालली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

"बाई, रस्ता काय विकत घेतलाय? कडेनं घ्या की!"

चिमाचे कान तापले. घ्यावी का कडेला, असं एकदा वाटलं. खांद्यावरची बोटं तिला कळत होती. तिनं गाडी मधेच ठेवली.

तेवढ्यात रांगेतल्या एका पांढऱ्या गाडीचं दार सताड उघडलं आणि आतून एक लहान मुलगी थेट रस्त्यावर उतरली. चिमानं दोन्ही ब्रेक दाबले. गाडी डुलली, क्रेटमधलं बर्फाचं पाणी उसळलं, पण पाय टेकले. मुलगी आणि चाक यांच्यामध्ये हातभर रस्ता उरला होता. मागे जीपही करकचून थांबली. हॉर्न बंद झाला.

मुलीची आई धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सॉरी हो, माझं लक्षच नव्हतं..."

चिमाला वाटलं, आता लवू भडकणार. इतक्या महिन्यांचा राग होता पोटात. तो उतरला. त्यानं क्षणभर सीटचा आधार घेतला. मग त्या गाडीपाशी गेला आणि मुलीसमोर उकिडवा बसला.

"नाव काय गो तुझं?"

"पूर्वी."

"पूर्वी, दार कुठल्या हातानं उघडलंस?"

मुलीनं दाराकडचा हात वर केला.

"आता आत बस आणि दुसऱ्या हातानं उघडून बघ."

मुलगी आत बसली. लांबचा हात दाराच्या कडीपर्यंत नेताना तिचं अख्खं अंग वळलं आणि नजर आपोआप मागच्या रस्त्यावर गेली.

"काय दिसलं?"

"काकू. आणि मोटारसायकल."

"बस्स. रोज असंच उघडायचं."

आईनं डोळे पुसत हात जोडले. जीपवाला खाली मान घालून बाजूनं निघून गेला.

दापोलीत मासळी लवकर संपली. परतताना आसूद गावाच्या पुढं, मोकळ्या रस्त्यावर लवूनं चिमाच्या पाठीवर थाप मारली.

"थांब जरा. दे, मी घेतो."

चिमा मागे सरकली. गाडी सुरुवातीला अडखळत, मग सरळ चालली. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली, तरी त्यानं गाडी थांबवली नाही. हर्णेचा समुद्र दिसला तसा त्याच्या घशातून एक आवाज आला. हसला की रडला, तिला मागून कळलं नाही.

बंदराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग अजून होती. लवूनं अलीकडेच ब्रेक लावला.

"इथून तू घे."

"घेते हो," चिमा म्हणाली, आणि पुढे बसली.