दुखरी गाठ

सकाळी मापाची पट्टी गळ्यात अडकवताना डाव्या जबड्याखाली बोराएवढं काहीतरी हाताला लागलं. माझी थोरली बहीण गळ्यातल्या गाठीनंच गेली होती.

दुकानात मन लागेना. एका कोटाची कॉलर उलटी शिवून बसले. दर घटकेला बोट तिथंच जाई. दाबलं की कळ येई, आणि कळ आली की वाटे, वाढली. नवरा म्हणाला, मन चिंती ते वैरी न चिंती, त्यापेक्षा दवाखान्यात चल.

डॉक्टरीणबाईंनी कानामागून पार गळ्याच्या हाडापर्यंत बोटं फिरवली. दुखतं का विचारलं. मी म्हटलं, जीव जातो. त्यावर त्या हसल्या, तेव्हा मला रागच आला. मग त्यांनी तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीत जखम चिघळली होती. टाचण्या कुठं धरता, असं त्यांनी विचारलं. कुठं म्हणजे? सगळे शिंपी धरतात तिथंच, दातांत.

अशा गाठी प्रत्येकाच्या गळ्यात असतात म्हणे. डोक्यातोंडातलं पाणी त्यांतून गाळून पुढं जातं. हिरडीतून जंतू शिरले की गाठ त्यांना अडवते, आत मारामारी जुंपते, म्हणून ती फुगते.

"मऊ आहे, सरकते, दुखते. म्हणजे ती आपलं काम करतेय," त्या म्हणाल्या. "दगडासारखी असती आणि दुखत नसती, तर मला काळजी वाटली असती."

मला तिथंच रडू फुटलं. कितीतरी वेळानं धड श्वास घेतला. नवऱ्याला मात्र चेष्टेची हुक्की आली.

"हिनं उगाच घर डोक्यावर घेतलं. माझ्याही गळ्यात आहे की," म्हणत त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात बोट ठेवलं. "कित्येक महिने झाले. मी एका शब्दानं बोललो का?"

बाईंनी तिथं हात लावला. गाठ हलते का पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांचं हसू गेलं होतं.

"दुखते का?"

"छे, अजिबात नाही," नवरा ऐटीत म्हणाला.

मी त्याचा हात घट्ट धरला. तो अजून माझ्याकडे बघून हसतच होता.