तड्यावर मारलेला रंग

मित्रांनो, मी एक जुनी फायबरची होडी आहे. लाकडी होड्या आपल्या सागाचा, फणसाचा अभिमान सांगतात. माझा जन्म मात्र साच्यातला. साच्यात आधी जेलकोट नावाचा गुळगुळीत थर दिला, तीच माझी कातडी. मग काचेच्या धाग्यांची चटई आणि ती चिकटवणारं रेझिन, थरावर थर. साच्यातून निघाले तेव्हा माझ्या चकचकीत अंगात आरशासारखं बघून एका कामगाराने भांग पाडला होता. तेव्हापासून मला दिसण्याचं वेड लागलं, आणि त्याचीच आज लाज वाटते.

माझा मालक कमळाकर. पेणच्या खाडीकाठी त्याचं गाव आहे. गावातल्या बायकांना खाडीपलीकडच्या भातशेतीवर नेणं-आणणं हे आम्हा दोघांचं काम. त्यात धोंडुबाई सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांचं शेत पलीकडे आणि गुडघा दुखरा. होडी नसेल तर त्यांना बांधावरून सगळ्या खाडीला वळसा घालून जावं लागे. मी त्यांना रोज कोरड्या पायांनी उतरवत असे आणि मनात फुगत असे.

ओहोटीला कमळाकर मला दगडांवरून ओढून वर घेई. खरचटत खरचटत एक दिवस पोटाला तडा गेला. कातडी फुटली आणि आतली चटई पाणी पिऊ लागली. कमळाकर म्हणाला, "नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही.

गणपती झाल्यावर कमळाकरची भाची प्रतिक्षा आली. ती हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात काम करते. डोळ्यांची आखणी करावी तर तिनेच. मामावर तिची माया. माझा तडा बघून ती म्हणाली, "एवढंच ना मामा? मी करून देते." तिने तड्यात लांबी भरली. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि डिंक यांचा लगदा, मूर्तीला चीर गेली की तिथे हाच भरतात. मग तिने घासून सारखं केलं, निळा रंग मारला आणि नाळेवर, म्हणजे माझ्या पुढच्या टोकावर, दोन टपोरे डोळे काढले. काठावरचे लोक विचारू लागले, "कमळाकर, नवी घेतलीस काय रे?" मी ऐकत राहिले. पोट आतून ओलं होतं हे मला कळत होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

भात कापायला आलं. धोंडुबाई विळा आणि डबा घेऊन बसल्या, आणखी चार बायका होत्या. खाडीच्या मध्यावर त्यांच्या पायाशी पांढरं पाणी आलं.

"दूध सांडलं गो कुनाचं?" त्या म्हणाल्या.

ते दूध नव्हतं. माझी लांबी विरघळत होती. पाठोपाठ लगदा सुटला आणि पाणी उसळलं. बायकांनी भाकरी फेकून डब्यांनी पाणी उपसलं. कमळाकरने मला कशीबशी चिखलात घातलं. सगळ्या वाचल्या, पण धोंडुबाई कमरेपर्यंत रुतल्या. चौघींनी ओढून त्यांना बाहेर काढलं. काठावर बसून त्या म्हणाल्या, "परत या होडीत पाय ठेवनार नाय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वळवावी म्हटलं, पण रंगवलेले डोळे मिटताही येत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यांनी मी बघितलं, धोंडुबाई गुडघा धरून बांधावरून लांबच्या वाटेने निघाल्या होत्या. पलीकडे त्यांचं भात पिकून वाकलं होतं.

प्रतिक्षा रडत म्हणाली, "मूर्तीला आम्ही असंच करतो मामा."

"मूर्ती बुडवायचीच असते गो," कमळाकर म्हणाला. मग त्याचाही आवाज खाली गेला. "मीच आधी बघायला पायजे होतं."

त्यांनी मला टेम्पोत पालथी घातली. रामवाडीच्या एसटी स्टँडपाशी गाडी थांबली तेव्हा माझं फुटलेलं पोट अख्ख्या स्टँडने पाहिलं. रोह्याला पूल ओलांडून आम्ही अष्टमी गावात फ्लोराबाईंच्या अंगणात आलो. फ्लोराबाई कोकणातल्या ज्यू, त्यांचे भाऊ-बहीण केव्हाच इस्रायलला गेले. त्या इथेच राहून फायबरच्या टाक्या दुरुस्त करतात. त्यांनी ग्राइंडर लावला आणि बोटाएवढा तडा परातीएवढा केला.

"बाई, भोक बुजवायला आनली, तुम्ही तर वाढवताय!" कमळाकर म्हणाला.

"ओलं हाय तिथवर काढायलाच लागतं. ओल्यावर रेझिन धरत नाय."

दुसऱ्या दिवशी शनिवार, त्यांच्यात काम बंद. मी उघडं पोट घेऊन उन्हात वाळत राहिले, शेजारीपाजारी बघून जात. पुढे पोट कोरडं ठणठणीत झाल्यावरच फ्लोराबाईंनी रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर घातला. चटईचे थर प्रतिक्षाने बसवले, ब्रशने एकेक बुडबुडा दाबून काढत. आतूनही बसवले, बाहेरूनही. शेवटी दोन्हीकडून जेलकोट.

पण तो जेलकोट पांढरा. निळ्या अंगावर परातीएवढं ठिगळ! प्रतिक्षाने निळ्या रंगाचा डबा उघडला. मी मनात म्हटलं, झाक गं बाई. तिने बराच वेळ बघितलं आणि झाकण लावून टाकलं.

गावी परतल्यावर ती स्वतः धोंडुबाईंना काठावर घेऊन आली. त्यांनी मला आतून, बाहेरून बघितलं.

"रंग नाय मारलास?"

"तुमाला दिसावं म्हनून, मावशी."

धोंडुबाईंनी विळ्याच्या मुठीने ठिगळावर ठोकलं. एकदा, मग जोरात. आवाज भरीव आला.

मित्रांनो, अजूनही कोणी त्या ठिगळाकडे बोट दाखवलं की मला ओशाळं वाटतं. तरीही सांगते. तुमच्याकडे काही तडकलं, तर ते लगेच दाखवा. त्यावर रंग मारून कोणाला बसवू नका. आधी ओल काढा, वाळू द्या, मग जोडा.

त्या दिवशी धोंडुबाईंनी चप्पल काढून हातात घेतली. "मागच्या टायमाला कायच दिसत नव्हतं," त्या प्रतिक्षाला म्हणाल्या. "आता दिसतंय. चल, तू पन बस." आणि दोघी त्या पांढऱ्या ठिगळावरच पाय ठेवून बसल्या.