तक्रारपेटीतल्या पुड्या

पेटी उलटी केली तेव्हा टेबलावर तीन वस्तू पडल्या. एक गंजका स्क्रू, रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. चिठ्ठी एकही नव्हती.

"घ्या," मी म्हणाले. "बायकांना वाटलं, कचऱ्याचा डबाच आहे."

पुंजारामकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि स्क्रू उजेडात धरला. "कचरा माणूस खाली टाकतं, ताई. छातीएवढ्या उंच टांगलेल्या पेटीच्या फटीतून कचरा कोन टाकील?"

कामगार बायकांतर्फे साक्षीला उभी असलेली झुंबरबाई भिंतीकडे बघत होती. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

ही २००४ च्या जानेवारीतली गोष्ट. दिंडोरी रस्त्याला ललितभाऊंचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं आणि तिथली कागदपत्रं सांभाळायला मी होते. पंचवटीत वाढलेली, बी.एस्सी. झालेली, अक्षर सुंदर, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री असलेली. त्या वर्षी आमची द्राक्षं घेणाऱ्या परदेशी दुकानवाल्यांनी नियमांचं एक जाडजूड बाड पाठवलं होतं. कामगारांना स्वच्छ पाणी हवं, संडास हवेत, आणि तक्रारपेटी हवी. हे आपल्याकडच्या कायद्यांतही होतंच, पण ते विचारायला कुणी आल्याचं मला आठवत नाही. दुकानवाले मात्र माणूस पाठवून तपासणार होते. तपासणीत नापास झालो, तर आमची द्राक्षं त्यांच्या दुकानात जाणार नव्हती. "तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाकतात," असं ललितभाऊ चिडून म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून पेटी करून घ्यायचे.

पेटीचेही नियम होते. दर शनिवारी ती कामगारांसमोर उघडायची, निघेल ते वहीत लिहायचं, पुढच्या रकान्यात उपाय लिहायचा आणि खाली मालकाची सही घ्यायची. कोणी टाकलं, हे मात्र विचारायचं नाही. किल्ली पुंजारामकाकांकडे होती, कारण फाटकाजवळ हजेरी घ्यायला तेच बसायचे आणि दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं.

नियम लिहिणाऱ्यांच्या एकच गोष्ट लक्षात आली नव्हती. आमच्या नव्वद बायकांतल्या निम्म्याहून जास्त पेठ-सुरगाण्याकडच्या होत्या आणि त्यांना लिहिता येत नव्हतं.

काका आधी एसटीत होते. कळवण डेपोत गाड्यांमध्ये सापडलेल्या सामानाची खोली त्यांनी कितीतरी वर्षं सांभाळली होती. त्यांनी तो स्क्रू तळहातावर घेतला आणि पॅकहाऊसभर हिंडायला लागले. कुणाला काही विचारायचे नाहीत. एकेका दाराशी थांबायचे, स्क्रू लावून बघायचे. मी गंमत बघत मागून चालले होते.

"अहो काका, सरळ झुंबरबाईला विचारा ना, कोणी टाकला म्हणून."

"नाय. डेपोत एक शिकलो. वस्तू कुनाची, हे इचारलं की धा जन खोटं बोलत्यात. वस्तू कुठली, हे आपन शोधायचं. ती खोटं बोलत नाय."

बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती. तीन रिकामी होती आणि चौथ्यात काकांच्या हातातला स्क्रू बरोबर बसला. एक बाई आत असताना दुसरीला बाहेर दार धरून उभं राहावं लागत होतं, आणि मी रोज त्या दारावरून जात होते. ऑफिसचा संडास वेगळा होता, त्याला कडी होती. मला माझी लाज वाटली.

हातमोज्याचं बोटही त्यांनी असंच लावलं. मोजे सगळे पुरुषी मापाचे आले होते. बायकांच्या बोटांपुढे रबर लोंबायचं, कात्रीत यायचं आणि घडातले मणी फुटले की बोलणी बसायची. बांगडीचं कोडं सोपं होतं, पण उपाय अवघड. काचेचा तुकडा फळात जाऊ नये म्हणून बांगड्या घालायच्या नाहीत, हा त्या बाडातलाच नियम. नवरा जिवंत असताना हात मोकळे ठेवायचे, हे कुठल्या बाईला रुचेल? काकांनी आपल्या सुनेकडून मनगटाला इलॅस्टिक लावलेल्या कापडी बाह्या शिवून आणल्या. बांगड्या आत राहिल्या आणि नियमही राहिला.

दर शनिवारी ते प्रत्येक वस्तूची पुडी बांधायचे. द्राक्षाच्या पेटीत घालतात त्या पांढऱ्या कागदाची, शेपूट आत खोचलेली पुडी. दोरा नाही की डिंक नाही. डेपोतली सवय. वर तारीख टाकून पुडी एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात जायची. बायका भोवती उभ्या राहून पुडीची ती घडी बघत असायच्या. मग काका वही लिहायचे, झुंबरबाई अंगठा उठवायची आणि ललितभाऊ न वाचता सही करायचे.

दुसऱ्या हंगामात, जानेवारीतच, पेटीतून काळ्या मण्यांची मनगटी निघाली. तान्ह्या मुलाच्या हातातली.

काकांना फार हिंडावं लागलं नाही. अंगणातल्या कडुलिंबाला बायका झोळ्या बांधायच्या. आशा नावाच्या पोरीचं बाळ तर चार महिन्यांचं होतं. रांगणारी दोन-तीन त्याच सावलीत खेळायची. आणि तिथून दहा पावलांवर माल भरायला आलेले कंटेनरचे ट्रक उलटे मागे यायचे.

"पाळणाघर बांधा, भाऊ," काका म्हणाले.

"मी द्राक्षं विकतो, पुंजाराम. बालवाडी नाही चालवत," ललितभाऊ म्हणाले.

काकांनी उपायाच्या रकान्यात लिहिलं, "पाळणाघर पाहिजे. होईस्तवर गाडी मागे घेताना मी पाठीमागे उभा राहतो." आणि ते खरंच उभे राहायला लागले. कंटेनर आला की हजेरीची वही खुर्चीवर ठेवायची, झाडाखाली एक नजर टाकायची, मग गाडीच्या मागे जाऊन फळीवर थाप मारायची. "येऊ द्या, येऊ द्या." साठी उलटलेला माणूस दिवसातून दहा-बारा वेळा हे करत होता आणि त्याबद्दल कुणापाशी एक शब्द बोलत नव्हता.

फेब्रुवारीत तपासणी ठरली. ललितभाऊंनी काकांची वही पहिल्यांदा उघडून वाचली आणि ते तडक माझ्या टेबलाशी आले.

"स्क्रू, बांगडी, मनगटी! मॅडम, हे वाचून गोरे लोक माल घेतील का? नवी वही करा. तक्रार नाही, असं लिहा."

मी केली. एवढ्या वर्षांनंतरही सांगते, कुणी धमकी दिली नव्हती. नोकरी बरी होती आणि मालकाचा शब्द मोडायची हिंमत नव्हती, एवढंच. वीस शनिवार, वीस वेळा "तक्रार नाही", वळणदार अक्षरात. शेवटच्या चार ओळी राहिल्या असताना काका हजेरीचा कागद द्यायला आले. त्यांनी वही पाहिली.

"अक्षर छान हाये तुमचं, ताई," म्हणाले आणि गेले.

तपासणीला पुण्याच्या दिशा मॅडम आल्या. तिशीच्या, शांत, पायात साधे बूट. त्यांनी माझी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

"नव्वद बायका, वीस आठवडे आणि एकही तक्रार नाही?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरात आम्ही दोघंच राहतो, तरी रोज एक असते. पेटी कोण उघडतं?"

काकांना बोलावलं. ललितभाऊ माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"काका, पेटीतून काही निघतं का हो?"

काकांनी ललितभाऊंकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही. "निघतं ना. आनू का?"

त्यांनी बिस्किटाचा डबा आणून टेबलावर ठेवला. मॅडमनी एकेक पुडी उघडली, खऱ्या वहीतली ओळ वाचली आणि उठून ती जागा बघून आल्या. कडीला चारही स्क्रू होते. मोजे लहान मापाचे होते. बाह्यांचं इलॅस्टिक त्यांनी स्वतःच्या हातावर चढवून पाहिलं. शेवटी मनगटीची पुडी घेऊन कडुलिंबाखाली गेल्या. नेमका तेव्हाच एक कंटेनर आला. त्या बोलत असतानाच काका "आलोच" म्हणून उठले आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

जाताना मॅडम म्हणाल्या, "खोटी वही ही मोठी चूक आहे. तेवढ्यावर आजच तुमचं सर्टिफिकेट रद्द केलं असतं. या डब्यामुळे करत नाही. अठ्ठावीस दिवसांत पाळणाघर झालं पाहिजे. मी परत येईन."

सर्टिफिकेट वाचलं, पण ललितभाऊंचं नाक कापलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना लासलगावजवळच्या आपल्या कांद्याच्या चाळीवर राखणीला पाठवलं. उन्हाळ कांदा यायला अजून महिना होता. चाळ रिकामी होती, आणि रिकाम्या चाळीची राखण काय असते, हे काय कुणाला कळत नव्हतं? काकांनी पिशवी उचलली, पेटीची किल्ली माझ्या हातात दिली.

"शनिवारी इसरू नका," एवढंच म्हणाले.

त्या शनिवारी मी पेटी उचलली तर आत खुळखुळ नव्हती. जड काही नसावं. पण उलटी केली आणि टेबल भरून गेलं. पुड्या. पांढऱ्या कागदाच्या, शेपूट आत खोचलेल्या. काही नीट, काही वेड्यावाकड्या, एक तर शिकाऊ हातानं तीनदा घडी मोडून केलेली. मी एक उघडली. रिकामी. दुसरी उघडली. तीही रिकामी. एकसष्ट पुड्या होत्या आणि एकीतही काही नव्हतं.

मी मान वर केली. नेहमी भिंतीकडे बघणारी झुंबरबाई आज सरळ माझ्याकडे बघत होती. मी विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं, आणि मी विचारलं नाही. एक पुडी मुठीत धरून मी निघाले. कडीपाशी गेले, मोज्यांच्या कपाटापाशी गेले. पुडी यातल्या कुठल्याच जागेची नव्हती. मग फाटकाशी आले. काकांची खुर्ची तिथेच होती आणि हजेरीची वही तिच्यावर.

तेवढ्यात कंटेनर मागे यायला लागला. त्याच्या मागे कोणी नव्हतं. झाडाखाली आशाचं बाळ झोळीत होतं आणि एक रांगणारं पोर उन्हातल्या चाकाच्या सावलीकडे निघालं होतं. मी धावले. पोराला उचललं आणि दुसऱ्या हातानं फळीवर एवढ्या जोरात थाप मारली की ड्रायव्हर खाली उतरून आला. हे काम काका दिवसातून दहा-बारा वेळा करायचे, आणि मी त्यांना हजेरीवाला समजत होते.

तशीच मी ऑफिसात गेले. खरी वही ललितभाऊंसमोर ठेवली. ओळ लिहून झाली होती: "रिकाम्या पुड्या, नग एकसष्ट. पुंजाराम नाहीत." उपायाचा रकाना कोरा होता.

"सही करा, भाऊ."

"हे काय? ही काय तक्रार झाली?"

"पेटीतून निघालं ते मी लिहिलंय. दिशा मॅडम परत येणार आहेत आणि त्या ही वही पहिल्यांदा मागतील. मी आता दुसरी वही लिहिणार नाही." मी पेन वहीवर ठेवलं. "आणि भाऊ, त्या डब्यामुळे तुमचं सर्टिफिकेट राहिलं. तुम्ही त्यांनाच चाळीवर पाठवलंत. आत्ता गाडीखाली पोर जात होतं."

ललितभाऊंनी ती ओळ पुन्हा वाचली. वाईट माणूस नव्हता तो, हेकट होता. शेवटी त्यांनी सही केली आणि फोन ओढला. लासलगावला लावला.

सोमवारी सकाळी काका पिंपळगावहून येणाऱ्या एसटीतून नाक्यावर उतरले आणि चालत आले. खुंटीला पिशवी अडकवली, खुर्ची पुसली. अंगणात पाळणाघराचे पत्रे येऊन पडले होते. ते त्यांनी नुसते पाहिले. मग माझ्या टेबलाशी येऊन किल्लीसाठी हात पुढे केला.

मी किल्ली दिली आणि डबाही दिला. त्यांनी वरची पुडी उघडली, पुन्हा घडी घातली. दुसरी उघडली. ती वेडीवाकडी होती, तिचं शेपूट त्यांनी नीट आत खोचून दिलं. पाच-सहा पुड्यांनंतर त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, बराच वेळ पुसला.

"फेकली नाय ना एखादी?"

"नाही. एकसष्ट आहेत." मी वही त्यांच्याकडे सरकवली. "उपायाचा रकाना राहिलाय, काका. लिहा."

त्यांनी ओळ वाचली आणि वही परत माझ्याकडे सरकवली. "तक्रार माझ्यापायी, आन निकाल बी मीच लिहू? आसं नसतं, ताई. तुमी लिहा."

बाहेर कंटेनरचा हॉर्न वाजला. काका उठले, झाडाखाली एक नजर टाकून गाडीच्या मागे गेले. फळीवर थाप पडली. "येऊ द्या, येऊ द्या."

मी पेन घेतलं आणि उपायाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, "आले." अक्षर जरा वाकडं आलं.