एकोणीस मिनिटांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. विटेएवढा जाड, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्या पोटात गाणी वाजणार. पण मला विकत घेतलं एका वार्ताहर बाईंनी आणि माझ्या वाट्याला आले माणसांचे आवाज. बावीस वर्षं मी त्यांच्या खांद्याला लटकून फिरलो. मंत्र्यांचं खाकरणं, संपातल्या घोषणा, सगळं टिपलं. "हा माझा तिसरा कान," बाई कौतुकाने सांगत. मग मोबाइल आले आणि तिसरा कान कपाटात, जुन्या स्वेटरांखाली गेला.

तिथून मला त्यांच्या भाचीने बाहेर काढलं. सगळे तिला चिमणी म्हणत. पण बोलायला लागली की पोपट बरा! तिला पत्रकारितेच्या कॉलेजात जायचं होतं. प्रवेशपरीक्षेसाठी ती वर्तमानपत्रांचा फडशा पाडायची, घड्याळ लावून बातम्या लिहायची आणि मावशी लाल पेनाने त्यांची कत्तल करायची. "'भीषण आग' कशाला? काय जळलं ते सांग. भीषण की काय ते वाचणारा ठरवेल."

लेखी परीक्षा पार पडली. तोंडी परीक्षेला मात्र एका साध्या माणसाची मुलाखत घेऊन न्यायची होती.

"मोबाइलवर घेते की," चिमणी म्हणाली.

"याचं बटण खट्कन वाजतं," मावशी म्हणाली. "समोरच्याला कळतं, आता आपला शब्द कुणीतरी ठेवून घेतंय."

चिमणीने निवडलं आपल्या बाबांना. अग्निशमन दलात ते मदतीचे फोन घेत, पण घरी कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. रविवारी दुपारी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. आधी चिमणीच इतकी बोलली की बाबांना जांभई आली. मग तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठला फोन विसरता येत नाही?" आणि ती चक्क गप्प बसली.

बाबा बोलू लागले. मित्रांनो, मी मोठमोठ्यांची भाषणं ऐकलीत, पण असं कधीच ऐकलं नव्हतं. पलीकडे एक लहान मुलगी होती, खोलीत धूर होता आणि गाडी पोहोचेपर्यंत एकोणीस मिनिटं हा माणूस तिच्याशी तिच्या बाहुलीबद्दल बोलत राहिला होता. एवढं सांगायची मोकळीक पुढे बाबांनीच, तिच्या घरच्यांना विचारून, दिली. बाकीचं मी सांगणार नाही. माझी चाकं फिरत होती, पण वाटत होतं, आपण श्वास रोखून धरलाय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "बाळा, ते पुसून टाक."

"बाबा! उद्या परीक्षा आहे!"

"माहीत आहे गं. पण ती गोष्ट माझ्या एकट्याची नाही. तिच्या घरच्यांना न विचारता मी बोलून गेलो."

चिमणी तणतणत मावशीकडे गेली. मावशी एवढंच म्हणाली, "मी काही सांगणार नाही. बटणावर बोट तुझं आहे."

ती खूप रडली. मग नाक पुसलं, बाबांना पुन्हा समोर बसवलं आणि त्याच टेपवर नवी मुलाखत घेतली: फोन आला की आधी पत्ता का विचारायचा, घाबरलेल्या माणसाला कसं बोलतं ठेवायचं. माझ्या पोटातला तो जुना आवाज पुसला जात होता आणि मी थक्क होऊन त्या पोरीकडे पाहत होतो.

तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणून बसलेल्या जाड चष्म्याच्या संपादकांनी टेप ऐकली. "ठीक आहे. याहून चांगलं काही नव्हतं?"

"होतं. पुसलं."

"का?"

"ज्यांनी सांगितलं, त्यांनी परत मागितलं."

संपादकांनी चष्मा काढला.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत होतं, तिसरं. वर्ग सुरू व्हायला चार दिवस उरले असताना प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणायला हवं. पण मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं. कुणी विश्वासाने तुमच्यापाशी मन मोकळं केलं, तर आधी ते जपा. मग वेळ उरलाच, तर माझ्यावरची धूळही झटका.