पोर्चमधली लाल गाडी

रविवारी सकाळी अमिता पुन्हा एकदा गाडीचं बॉनेट उघडून उभी राहिली. आठवडाभर पीथमपूरच्या कारखान्यात मशिनी सांभाळायच्या, घरी आलं की नवऱ्याचे व्यायाम, औषधं, स्वयंपाक, आणि सुट्टीच्या दिवशी ही गाडी. पाना उचलायचंसुद्धा तिच्या जिवावर आलं होतं.

गाडी तिच्या नवऱ्याने, हृषीकेशने, स्वतः बांधली होती. लोखंडी पाइपांची चौकट त्याने सांवेर रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये जोडून घेतली, फायबरच्या बॉडीचं किट मागवलं, आणि भंगारात निघालेल्या एका जुन्या सेडानचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन, ते चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट, त्यात बसवलं. दोन सीटची बुटकी लाल गाडी त्यांच्या सुदामा नगर कॉलनीतून निघाली की पोहे खाणारे लोक प्लेट हातात धरून वळून बघत.

मग हृषीकेशला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्दांची सरमिसळ झाली. समजायचं सगळं, पण पाणी हवं असलं की तोंडातून 'चप्पल' निघायचं. सुरुवातीला अमिता प्रत्येक शब्दामागचा अर्थ शोधत बसे. पुढे पुढे ती थकली. तो बोलू लागला की ती फक्त त्याच्या हाताकडे बघायची.

गाडी पोर्चमध्येच राहिली, आणि पावसाळ्यानंतर चालू होईना. तिथे आता व्हीलचेअरसाठी उतार बांधायचा होता. ऋजुता नावाची ओळखीची प्राध्यापिका गाडी आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात न्यायला तयार होती. बंद असली तरी चालेल, मुलं खोलून शिकतील, असं ती म्हणाली होती. हृषीकेशने मान हलवून होकार दिला, पण त्या दिवशी तो नीट जेवला नाही. म्हणून अमिता ठरवून बसली होती की गाडी जाईल ती चालतच जाईल.

गल्लीतल्या नंदू मेकॅनिकने त्याच्या परीने सगळं पाहिलं होतं. इंजिन सेल्फवर जोरात फिरत होतं, प्लगला ठिणगी येत होती, पेट्रोलचं प्रेशर बरोबर होतं. हवेच्या पाइपात थोडं पेट्रोल उडवलं की इंजिन क्षणभर धरायचं आणि विझायचं. म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टरच उघडत नव्हते. दोष शोधणारा स्कॅनर त्या जुन्या कॉम्प्युटरशी बोलेना. शेवटी नंदूने हात पुसत सांगितलं, "भाभीजी, कंपनीची गाडी असती तर वायरिंगचा नकाशा मिळाला असता. यात तर सगळं हृषीकेश भियाच्या डोक्यात. माझ्या मते कॉम्प्युटर गेला." तसा दुसरा कॉम्प्युटर शोधून सापडला नाही.

अमिताने हृषीकेशला धरून आणलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. स्टार्टचं बटण डॅशबोर्डच्या मधोमध होतं, त्याला डाव्या हाताने दाबता येत होतं. तो दाबत राहिला, ती एकेक जोड हलवून बघत राहिली. काहीच होईना.

"जमीन," तो म्हणाला.

खाली उतरायचं असेल, असं तिला वाटलं. थोडं थांब, असं म्हणून ती पुन्हा वाकली.

"जमीन. अमी, जमीन." या वेळी त्याने बटणावरचा हात उचलून डॅशबोर्डवर आपटला.

"मी दमलेय रे," ती म्हणाली. "तुला उतरवायचं, पुन्हा चढवायचं, आता नाही जमत मला."

त्याने डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. ती बॉनेटला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. किती महिन्यांत आपण याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिने तो शब्द स्वतःच पुटपुटून पाहिला. जमीन. माती. अर्थ.

"अर्थिंग म्हणतोयस?"

तो जोरजोरात मान हलवू लागला.

पत्र्याच्या गाडीत बॉडीच विजेची परतीची वाट असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून हृषीकेशने कॉम्प्युटरच्या सगळ्या काळ्या वायरी चौकटीवरच्या एका बोल्टला बांधल्या होत्या. अमिताने मीटरचं एक टोक त्या वायरींना लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि त्याला बटण दाबायला सांगितलं. जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं, पण आकडा एकदम चार व्होल्टच्या वर गेला. बोल्टपाशी परतीची वाट अडली होती, त्यामुळे ऐन सुरू व्हायच्या वेळी कॉम्प्युटरला पुरेशी वीज मिळत नव्हती.

बोल्ट सीटमागे होता, गंजून तपकिरी झालेला. तो सोडवताना तिची बोटं सोलवटली. पॉलिश पेपरने घासून, वायरींची टोकं स्वच्छ करून तिने तो पुन्हा आवळला.

त्याने बटण दाबलं. इंजिन अडखळलं, खोकलं आणि सुरू झालं.

नाचावं, ओरडावं असं तिला काही वाटलं नाही. ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने डोकं मागे टेकवलं. सीट थरथरत होती. हृषीकेशचा डावा हात स्टिअरिंगवर होता. मग तिने विचारलं, "ठेवायची का?"

तो विचार करत होता की शब्द शोधत होता, कळायला मार्ग नव्हता. ती थांबली.

"दे," तो म्हणाला. "मुलं."

दुसऱ्या दिवशी ऋजुता आली आणि गाडी चालवत घेऊन गेली. अमिताने रजा टाकली होती. कॉलनीच्या वळणावरून इंजिनचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर तिने हृषीकेशला आत नेऊन पलंगावर निजवलं आणि भर सकाळी, साडी न बदलता, त्याच्या शेजारी झोपून गेली.